झोपाळूबाईची शर्यत

मैदानावर तिला सगळे झोपाळूबाई म्हणत. शर्यतीआधी बाकीच्या मुली उड्या मारून अंग तापवत असायच्या, आणि ही बाकावर बसून खुशाल पेंगायची. एकदा पंचांनी तीनदा नाव पुकारलं, तेव्हा कुठे बाईसाहेब डोळे चोळत उठल्या. बघणाऱ्यांना तो आळस वाटायचा. खरं तर ती पेंग कमवायला तिला सहा वर्षं लागली होती.

जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी तिच्या डाव्या अंगाला कायमची चिकटली. डावा पाय ताठ, डाव्या हाताची मूठ दिवसभर आवळलेली. झोपेत मात्र ती मूठ सुटते, हे आईच्या लक्षात आलं होतं. दुपारी लेकीचा डोळा लागला की आई हातातलं काम टाकून उशाशी बसायची आणि त्या मोकळ्या बोटांकडे बघत राहायची. तिला उठवायचं आईच्या अगदी जिवावर यायचं.

बाविसाव्या वर्षी ती एका दवाखान्यात जुन्या फायली लावायच्या कामाला लागली आणि संध्याकाळी दिव्यांगांच्या शर्यतींसाठी शंभर मीटर धावू लागली. पाय कसेबसे साथ द्यायचे. वैरीण होती ती सुरुवातीची बंदूक. बार झाला की अख्खं अंग दचकायचं, मूठ छातीशी यायची, गुडघा आखडायचा, आणि तोवर बाकीच्या चार पावलं पुढे. सहा वर्षं ती शेवटून पहिली आली. तिला शिकवणाऱ्या मास्तरांनी तिच्या कानाशी ताटं आपटली, फुगे फोडले, शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली. तिचं दचकणं काही सुटेना. शेवटी आईच त्यांना म्हणाली, "तिला जागं कशाला ठेवताय? पेंगत असली की ढग गडगडला तरी ती हलत नाही."

मास्तर आधी हसले, मग विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून ती उभ्या उभ्या पेंगायला शिकली. श्वास लांबवायचा, पापण्या जड होऊ द्यायच्या, डोक्यात हळूहळू धुकं उतरू द्यायचं. मग बार कुठेतरी दुसऱ्याच गावात झाल्यासारखा वाटायचा. पावलं गादीवर पडल्यासारखी पडायची, उजेड पातळ व्हायचा, आणि भानावर यावं तर पांढरी रेघ मागे राहिलेली. तीन वर्षांत चार पदकं आली. कशी धावलीस, असं आईने विचारलं तर तिला काही म्हणता काही सांगता यायचं नाही. पदक गळ्यात पडलं की दुसऱ्या कुणाचं तरी चुकून आपल्याकडे आलंय असं वाटून ती ओशाळायची.

एकतिसाव्या वर्षी निवडीची शर्यत आली. पहिल्या दोघी संघातून परदेशी जाणार होत्या. ही शेवटची संधी, असं मास्तरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आणि तिला जायचं होतं. फार जायचं होतं.

धुकं छान उतरलं. बार झाला, ती निघाली, आणि लगेच दुसरा बार झाला, थेट कानाशी. कुणीतरी आधीच पळालं होतं, म्हणून शर्यत थांबवायला तो बार केला होता. त्या मुलीला बाद केलं आणि बाकीच्यांना परत बोलावलं. तिची झोप पार उडाली होती. तिने डोळे मिटले, श्वास लांबवला, पण झोप काही हाक मारून येत नाही. तेवढ्यात पंच म्हणाले, "जागा घ्या."

बार झाला. ती दचकली, मागे पडली आणि टक्क जागेपणी धावली. डावा बूट घासल्याचा आवाज तिला ऐकू आला. शेजारच्या पट्ट्यातली वेणी जवळ येताना दिसली, मग ती वेणी मागे गेली. तोंडात वारा शिरला. गुडघा दुखत होता, तो तिचाच गुडघा होता. मग आणखी एकजण मागे पडली, आणि रेघ आली. इतक्यात यायला नको होती असं तिला वाटलं.

ती तिसरी आली, अगदी केसभराने. तिथेच बसून ती हमसून हमसून रडली. मास्तर पाठीवरून हात फिरवत राहिले.

आईचा फोन आला. तिसरी म्हटल्यावर आई हळूच म्हणाली, "झोप मोडली का गं?"

"हो, मोडली." तिने नाक पुसलं. "आई, नऊ वर्षं झाली, पण आज पहिल्यांदा मी तिथे होते. तुला वेळ आहे ना? सगळं सांगते."