चढलात तर दोन, उतरलात तर एक

पाटण्याच्या भिखना पहाडीवरच्या त्या शिकवणीवर्गात कुमुदिनी सिन्हांची खोली मोठ्या वर्गाला लागून होती. मधली भिंत प्लायवुडची. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची उजळणी सुरू झाली की पलीकडून मुलांचा घोष ऐकू येई : चढलात तर दोन, उतरलात तर एक. गुरुत्वाकर्षणाचा अख्खा धडा त्रिलोचन झांनी या ओळीत कोंबला होता. पृथ्वीपासून वर जाताना गुरुत्वत्वरण दुप्पट वेगाने घटते, जमिनीत खोल जाताना एकपट.

ओळ मुळात कुमुदिनींची. पूर्वी वर्ग त्यांचा होता, आणि ओळीच्या शेपटाला त्या न चुकता अट बांधत : उंची अगदी थोडी असेल तरच. झांनी ओळ उचलली, अट टाकून दिली, आणि पुढे वर्गही घेतला. "बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही," एवढेच ते संचालकांना म्हणाले. तेव्हापासून कुमुदिनींकडे सराव परीक्षांचे पेपर काढण्याचे काम आले.

ते त्यांनी मन लावून केले. त्यांच्या प्रत्येक प्रश्नात उंची पृथ्वीच्या मानाने नगण्य असे, त्यामुळे झांची ओळ कधी खोटी पडली नाही. मुलांना गुण मिळत गेले, चौकातल्या फलकावर झांचा चेहरा मोठा होत गेला. नवसाच्या बोकडाला चारा घालावा तशा त्या प्रश्न घालीत होत्या. खऱ्या परीक्षेत कुणीतरी मोठी उंची देणार, आणि सुरी तिथे पडणार. त्यांनी फक्त गप्प राहायचे होते.

शेवटच्या सराव परीक्षेचा पेपर छापायला देण्याआधी नजरेखालून घालत असताना समस्तीपूरची रुनझुन दारात उभी राहिली. पृथ्वीच्या त्रिज्येइतकी उंची घेतली तर सरांच्या ओळीने उत्तर उणे येते, मग तिथे दगड वर पडतो का, असे तिने वर्गात विचारले होते. तूच तिथे जाऊन बस, पडला की कळव, असे झा म्हणाले, आणि वर्ग हसून लोळला.

कुमुदिनींनी तिला पूर्ण सूत्र मांडून दाखवले, अटही सांगितली. आता ही सगळ्यांना सांगत सुटणार, ही धास्ती त्यांना होतीच. पण मुलगी हळूच हसली.

"मी कुणाला सांगणार नाही, मॅडम. हसले होते ना? चुकू देत."

ते हसू कुमुदिनींच्या ओळखीचे होते. वर्षभर ते त्यांनी आरशात पाहिले होते.

"आणि झा सर?" त्यांनी विचारले.

"त्यांना काय होतंय? म्हणतील, पोरंच कच्ची होती. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील."

सुरी पडणार होती, पण दुसऱ्याच मानांवर. त्यांनी पेपर पुढे ओढला आणि गुरुत्वाच्या प्रश्नातली उंची खोडून 'पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्मी' असे लिहिले. उत्तराच्या पर्यायांत शून्य, म्हणजे झांच्या ओळीने येणारे उत्तर, सर्वांत वर ठेवले.

"मॅडम, मग सगळ्यांनाच कळेल. माझा फायदा काय?"

"तुझा हिशेब वर्गातला आहे ना? मग वर्गातच चुकता कर."

शुक्रवारी परीक्षा झाली. बहुतेकांनी शून्यावर खूण केली होती. शनिवारी कुमुदिनींनी उत्तरे वाटली, अटीसकट, अख्ख्या मांडणीसह, आणि खुर्ची भिंतीला लावून चहा घेत बसल्या. पलीकडे झा सांगत होते की छापलेले उत्तर चुकले आहे, शून्यच बरोबर. मग रुनझुनचा आवाज आला, अगदी शांत :

"सर, अर्ध्या त्रिज्येवरच ओढ संपत असेल, तर चंद्राला काय दोरीनं बांधलंय?"

यावेळीही वर्ग हसला. पण हसू उलट दिशेने फिरले होते, आणि ते ओसरल्यावर झांचा आवाज पुन्हा आला नाही. थोड्या वेळाने शिपाई रामवृक्ष दारात येऊन घुटमळला. झा सरांनी विनंती केली होती की मॅडमनी जरा वर्गात येऊन तो प्रश्न समजावावा.

कुमुदिनींनी कप खाली ठेवला.

"सगळं छापून दिलंय, रामवृक्षजी. फक्त मोठ्यानं वाचायचंय. ते सरांनीच करावं. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही."