मर्नासाठी घट्ट आइस्क्रीम

पोर्ट ऑगस्टाच्या ब्रेन्टन केसेलला फ्रीजबद्दल कुणी काही विचारू नये. विचारलं की दुपार गेलीच म्हणून समजा. रेल्वेच्या विजेच्या कामातून निवृत्त झाल्यापासून हा गृहस्थ गावातल्या प्रत्येक प्रवासी फ्रीजला मीटर लावत हिंडायचा. गाडीच्या मागे ठेवायची, बॅटरीवर चालणारी ती पेटी किती वीज खाते, त्यावरून तो मालकाचीही किंमत करायचा. त्याचा स्वतःचा फ्रीज जुनाट, पोचे पडलेला. पण ब्रेन्टनच्या मते असा मिताहारी फ्रीज अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलियात नव्हता.

मागच्या वर्षी या मिताहारी महाराजांनी दगा दिला. ब्रेन्टनची थोरली बहीण मर्ना मारी गावाच्या पलीकडे, गुरांच्या एका अफाट कुरणावर स्वयंपाक करते. उभा जन्म तिथल्या लाल धुळीत गेला. वाढदिवसाला तिनं भावाकडे एकच गोष्ट मागितली होती, दुकानातला आइस्क्रीमचा केक. वाटेत मुक्कामाच्या रात्री बॅटरी उतरली आणि केकचं पाणी झालं. मर्ना ते कपात ओतून प्यायली, "सूप झकास झालंय," म्हणाली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो किस्सा सांगत सुटली. ती हसली याचं ब्रेन्टनला काही वाटलं नाही. तिनं आधीच हौसेनं चमचा काढून ठेवला होता, ते मात्र त्याच्या मनातून जाईना.

यंदा तिला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. केक घट्टच आणीन, असं तो फोनवर बोलून बसला. दरवर्षी बरोबर येणाऱ्या शेजारच्या ग्लिन शुल्झनं नुकताच नवा कोरा फ्रीज घेतला होता. मग केक कुणाच्या फ्रीजमधून जाणार यावरून जुंपली, आणि शेवटी मीटर सांगेल तसं करायचं ठरलं.

ब्रेन्टनच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही फ्रीज शेजारी शेजारी लागले. बॅटऱ्या सारख्या, आतली थंडी सारखी लावलेली, बियरचे कॅनही सारखे. एक प्यायला की त्या जागी दुसरा ठेवायचा, म्हणजे भरती कमीजास्त व्हायला नको. बाहेर ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी पाहतात तो दोन्ही फ्रीजनी बॅटऱ्या पार चाटूनपुसून खाल्लेल्या. ब्रेन्टन ग्लिनच्या दुकानदाराला नावं ठेवू लागला, ग्लिन ब्रेन्टनच्या मीटरला.

ब्रेन्टनची बायको रेलीन दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही परीक्षा बघत होती. ती हात पुसत शेडमध्ये आली.

"ब्रेन्टन, आज स्वतःच्या फ्रीजमधली एक तरी बियर प्यायलास?"

ब्रेन्टन छताकडे बघू लागला.

"आणि ग्लिन, तू दात काढू नकोस. तूही दर वेळी ह्याचंच झाकण उघडत होतास. थंड कॅन काढायचा, उन्हातला गरम कॅन आत सारायचा. तुम्ही फ्रीज कुठे मोजलेत? एकमेकांची लबाडी मोजलीत."

दोघेही एकाच माळेचे मणी. रेलीननं कॅन बाहेर काढले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, दोन्ही झाकणांवरून कपडे वाळत घालायची दोरी आवळली आणि गाठी स्वतः मारल्या.

दुसऱ्या दिवशी मीटरनं निकाल दिला. ग्लिनच्या फ्रीजनं निम्मीच वीज घेतली होती. ब्रेन्टननं मीटरला टिचक्या मारल्या, वायरी बदलल्या, बॅटऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं. आकडा हलेना. इतक्या वर्षांची फुशारकी गिळायला त्याला जड गेलं, पण डोळ्यांपुढे मर्नाचा तो कोरडा चमचा होता.

"केक तुझ्यात ठेवू," तो म्हणाला. "माझा बियर सांभाळेल."

टोमणा मारायची अशी संधी ग्लिनला जन्मात मिळाली नव्हती. पण ती त्यानं सोडून दिली. फ्रीज गाडीत चढवायला एका बाजूनं हात लावला.

वाटेत मुक्कामाला ब्रेन्टनला राहवेना. केकवर एक नजर टाकून झाकण लगेच लावतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. रेलीन तीच दोरी पुन्हा झाकणावर आवळून, गाठीवर उशी ठेवून बसली होती. हात लावलास तर उरलेली वाट पायी चालशील, एवढंच तिनं सांगितलं.

कुरणावर पोचल्यावर गाठ सुटली. केक असा दगड झाला होता की मर्नाची मांस कापायची सुरीही आत शिरेना. सगळे ओसरीवर ताटल्या घेऊन तो मऊ व्हायची वाट बघत बसले, आणि ज्यानं दोन दिवस हा केक वितळू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला तोच ब्रेन्टन आता त्यावर ऊन यावं म्हणून टेबल सरकवत होता. त्याला इतका आनंद झाला होता की तो लपवताही येईना.

पहिला तुकडा मर्नाला मिळाला. चमचा तोंडात गेला तसे तिचे डोळे मिटले आणि हात गालावर गेला.

"दातात कळ गेली रे," ती म्हणाली, आणि तुकडा संपवून तिनं रिकामी ताटली भावापुढे धरली. "वाढ अजून. यंदा चावावं लागतंय."