खास गोव्याहून
ओल्या चुन्याचा वास आला की गिरगावातल्या आमच्या वाडीतले कबड्डीचे सामने आठवतात. एका वर्षी अंतिम सामन्याआधी समोरच्या घरातल्या ख्रिस्ती मावशीचा सत्कार होता. देशाकडून खेळलेली, आम्हा पोरींना पकड शिकवणारी मावशी. शाल-श्रीफळ देताना निवेदक माइकवर म्हणाला, "खास गोव्याहून आलेल्या पाहुण्या!" ख्रिस्ती दिसला की गोव्याचा, हे यांचं गणित. मावशीने माइक ओढला. "मेल्या, मी ह्याच वाडीतली! तुझा आजा कोकणातून बोटीने उतरला, तेव्हा माझा आजा इथंच होता." लोक हसले. निवेदकही हसला, "गोव्याची माणसं भारी मजेशीर हां!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या महिन्यात मावशी गेली. आज तिच्या स्मरणार्थ सामने आहेत, मैदानावर ताज्या चुन्याच्या रेषा आखल्यात, आणि वर हा भलामोठा फलक: 'गोव्याच्या वाघिणीला श्रद्धांजली'!