डावा खांदा

आमचे अप्पा डावखुरे. शाळेत मास्तरांनी छड्या मारमारून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं, पण फौजेत रायफल मात्र त्यांनी डाव्याच खांद्याला लावली. निवृत्तीनंतर कळंबोलीत आले तरी डोक्यातून बंदुका जाईनात. त्यातही शॉर्ट मॅग्नम काडतुसाचं तर वेडच.

ओट्यावरचे डबे ओढून ते मला समजावायचे. एक उभा, एक बसका. डाळ दोन्हींत सारखीच मावते. तसंच हे काडतूस, बुटकं आणि जाडं. दारू एकसारखी जळते, आणि आखूड काडतुसाला रायफलही आखूड, हलकी पुरते. पण जाडेपणामुळे मॅगझिनमध्ये कमी बसतात, नळीत शिरताना अडकतात. शिवाय रायफल हलकी, म्हणजे धक्का सगळा खांद्यावर. एक हवं तर दुसरं सोडावं लागतं, म्हणायचे. आई म्हणायची, आधी माझे डबे सोडा.

त्यांचा एक जुना शिष्य आता मोठा नेमबाज झालाय. त्याने तशी रायफल परदेशातून मागवली आणि पहिली गोळी सरांनीच झाडायची, असा हट्ट धरला. अप्पा हरखून गेले. तेवढ्यात चक्कर येऊन पडले. पेसमेकर बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या हाताने लिहिता? अप्पांनी खरं तेच सांगितलं, उजव्या. म्हणून यंत्र बसवलं डावीकडे, बरोब्बर रायफलीचा दस्ता टेकतो तिथे.

मी डॉक्टरांपुढे जाऊन तणतणले. काय उपयोग? धक्क्याने आतली तार सरकेल, आता त्या खांद्याला बंदूक नाही, एवढंच ते म्हणाले. उजव्या खांद्यावरून मारावी, तर अप्पांना उजव्या डोळ्याने पहिल्यापासून अंधुक दिसायचं. घरी येऊन मी बाथरूममध्ये रडून घेतलं.

रायफल आली त्या दिवशी रेंजवर अप्पांनी ती हातात घेतली, वजन जोखलं आणि माझ्याकडे दिली. "तू मार," म्हणाले. नेम धरायला मला त्यांनीच शिकवलं होतं, पण छोट्या रायफलीवर. ही झाडली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. अप्पा मागे उभे राहून नुसते बघत होते.

घरी आल्यावर माझा खांदा काळानिळा झाला होता, हात वर होईना. अप्पांनी गरम पाण्याची पिशवी आणून स्वतः शेकायला घेतलं.

"फार लागलं का गं?"

त्यांना वाईट वाटायला नको म्हणून मी म्हटलं, "छे, काहीच नाही."

ते बराच वेळ शेकत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला झेपलं असतं."