खिंडीच्या अलीकडून परत

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या ऑफिसात माझा एक जर्मन सहकारी माझ्या समोरच्या टेबलाशी बसतो. कडाक्याच्या थंडीतही कुणाला न विचारता खिडकी सताड उघडतो. आपण काहीही सांगितलं की "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", एवढंच म्हणून बोलणं संपवतो. मला तो जरा तुसडाच वाटायचा.

यंदा ऑफिसातले आम्ही काही जण पेरूला, माचूपिचूच्या ट्रेकला गेलो. इंकांचे ते अवशेष बघायचं त्याचं शाळेपासूनचं स्वप्न होतं. उंच खिंडीच्या चढावर विरळ हवेमुळे माझं डोकं दुखून फुटायला लागलं, तरी मी "ठीक आहे" म्हणत होते. मी डावा हातमोजा उजव्या हातात घालायला धडपडतेय, हे त्याला दिसलं.

"हिला आत्ताच खाली न्या," तो गाईडला म्हणाला.

दुसरा गाईड माझ्यासोबत निघाला. माझी सॅक उचलून हाही उतरू लागला.

"अरे, तू कशाला? तुझं माचूपिचू राहील!"

"या गाईडला फक्त स्पॅनिश येतं. तू काय बोलणार त्याच्याशी?"

खालच्या गावात पोचेपर्यंत डोकं दुखायचं थांबलं, श्वास मोकळा झाला. मी वाडगाभर सूप संपवून आणखी मागितलं, तेव्हा तो मोठ्याने हसला आणि हसताहसता डोळे पुसू लागला. वाटभर तो किती घाबरला होता, ते मला तेव्हा कळलं.