आवाज फुटल्याचा शिरा

आमच्या शाळेत पोराचा आवाज फुटला की शिरा करतात. बक्षिसाला शिरा नाही, वाढदिवसाला नाही, पाहुणे आले तरी नाही. सकाळच्या रियाजात तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या पोराचा वरचा सूर कोंबड्यासारखा मधेच फाटतो, सगळे गप्प होतात, मग खिदळतात, आणि कुणीतरी पळत जाऊन स्वयंपाकघरात सांगतं, "मावशी, आज शिरा टाका." दुपारी पहिली वाटी त्या पोराला. ते लाजून अर्धमेलं झालेलं असतं आणि मुली मुद्दाम त्याला 'अहो' म्हणतात.

ही प्रथा बाईंनी पाडली. शाळेत शिकवणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की गाणं शिकवणाऱ्या, त्या एकच. शिरा खाऊन झाला की त्या पोराच्या हातात तानपुरा देऊन सांगायच्या, "आता मी म्हणेपर्यंत गायचं नाही. वाजव आणि ऐक. गळा कात टाकतोय. कात टाकणाऱ्या सापाला कुणी डिवचतं का?" मग ते पोर कधी सहा महिने, कधी वर्षभर इतरांच्या मागं तानपुरा घेऊन बसायचं. आवाज नवा होऊन खाली स्थिरावला की बाई त्याला त्याची नवी पट्टी शोधून द्यायच्या. पेटीवरच्या ज्या पट्टीला माणूस आपला सा मानून गातो, ती त्याची पट्टी. पोरांची वरची असते, बाप्यांची खालची. इतकी साधी गोष्ट आहे. ती आमच्या गावाला कळली नाही, आणि माझं गाणं त्यात गेलं.

शाळा शिरूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून थोडी आत. शास्त्रीय गाण्याची निवासी शाळा, पाचवीपासून पुढं. पहाटे खालच्या सुरांचा रियाज, दुपारी गणित-भूगोल, संध्याकाळी पुन्हा गाणं. रस्त्यानं सणसवाडीकडं कंपनीच्या बसगाड्या जायच्या आणि आम्ही हॉर्नवरून भांडायचो, हा पांढरी चारचा की काळी तीनचा. पेटी आणून ताडून बघायचो. इतर पोरं क्रिकेटवरून भांडतात, आम्ही हॉर्नवरून. पण त्या येड्यांच्या बाजारात मी जितका सुखी होतो तितका नंतर कधी झालो नाही.

माझं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. आमच्या रानात गुलछडीची फुलं आणि ऊस. वडिलांना मी आप्पा म्हणतो. ते भजनी मंडळाचे म्होरके. आमच्याकडं यात्रेला दोन गावांची भजनं समोरासमोर बसतात. एका गावानं अभंग म्हणायचा, दुसऱ्यानं त्याच पट्टीत नाहीतर तिच्या वर उत्तर द्यायचं. जो आपल्या पेटीवाल्याला 'जरा खाली घे' म्हणेल तो हरला. मग वर्षभर बाजारात, लग्नात, अगदी सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा त्याला ऐकवायचं की, तुम्ही पट्टी उतरलेलं गाव. आमच्या गावाची पट्टी काळी पाच. पेटीच्या एका सप्तकात काळ्या पाचच असतात, त्यातली ही शेवटची. बाप्या माणसानं तिथं गायचं तर मानेच्या नसा टम्म फुगतात आणि डोळ्यांत पाणी येतं. आप्पा म्हणायचे, "मान गेली तरी चालंल, पट्टी जायाची न्हाई." गमतीनं नाही, खरोखर म्हणायचे.

मी त्यांच्या मांडीशी बसून गायला शिकलो. पोरवयात काळी पाच माझ्या हातचा मळ होता. दहाव्या वर्षी त्यांनी मला शाळेत आणलं, बाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि विचारलं, "ही पट्टी कुणी दिली?" आप्पा ताठ बसून म्हणाले, "गावाची हाय, बाई." बाई हसल्या. म्हणाल्या, "पोर आहे तोवर ठीक आहे."

आणि खरंच ठीक चाललं होतं. आपल्या तोंडानं सांगू नये, पण सांगतो, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलं नाही. सहावीत मी पुण्याच्या स्पर्धेत पहिला आलो. सातवीत मोठ्या पोरांच्या गटात घातलं, तिथंही पहिला. बाई कधी कुणाला चांगलं म्हणायच्या नाहीत. मी गायलो की चष्मा काढून पुसायच्या, एवढंच. मोठ्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मला नववीत बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. ती मिळाली की पुढं कुठल्याही मोठ्या गुरूकडं दार उघडं.

आठवीत, यात्रेच्या चार-सहा दिवस आधी, माझा आवाज फुटला. शिरा झाला. मुलींनी 'अहो' म्हणून घेतलं. बाईंनी तानपुरा दिला. आप्पा यात्रेसाठी न्यायला आले तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "न्या, पण त्याला गाऊ देऊ नका. अजिबात." आप्पा म्हणाले, "व्हय बाई." बाईंनी आप्पांसाठी डब्यात शिरा दिला, खास पुन्हा करवून घेतलेला. दौंडच्या एसटीत आप्पांनी तो चाटूनपुसून खाल्ला. तुपाचं कौतुक केलं. शिरा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही लाज वाटली सांगायला. बापाला काय सांगायचं, माझा कोंबडा झालाय म्हणून?

यात्रेला संध्याकाळी भजन बसलं. पलीकडच्या गावानं काळी पाच गाठली. आप्पांचा गळा दोन दिवसांच्या धुळीनं बसला होता, तरी ते तोडीस तोड देत होते. मग पलीकडचा एक म्हातारा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "पोरगं गाण्याच्या साळंत घातलंय म्हनं. आमी कवा ऐकायचं?"

आप्पांनी माईक माझ्याकडं सरकवला. मी हळूच म्हटलं, "आप्पा, बाई नको म्हणल्यात." ते म्हणाले, "गाणं नको म्हणल्यात. ह्ये भजन हाय. देवाच्या कामात गळा जात न्हाई." त्यांचा यावर विश्वास होता. डाव नव्हता, थाप नव्हती. मला ते खोटं बोलले असते तर परवडलं असतं, मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

पेटीवर माझा मामा होता, आईचा भाऊ. त्यानं माझं तोंड बघितलं आणि वाकून विचारलं, "दाजी, पट्टी जरा खाली घिऊ का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "गावाची पट्टी हाय."

मी गायलो. पहिल्या ओळी सरळ गेल्या. वरच्या सुराला घशात काहीतरी अडलं, तसंच रेटलं. पुन्हा रेटलं. पलीकडचं गाव गप्प झालं. शेवटच्या ओळीला वरच्या सुरावर मी इतका वेळ थांबलो की पखवाजवाल्याचा हात थांबला. मग एकच गलका झाला. फेटे उडाले, मला खांद्यावर घेतलं, गुलालानं तोंड भरलं. आयुष्यात मी त्याच्यापेक्षा चांगलं गायलो नाही. गायचा प्रश्नच नव्हता, कारण सकाळी उठून आईला हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसता वारा आला.

ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. मी परत शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "सा लाव." मी लावला. त्यांनी तानपुऱ्याची खुंटी फिरवली, ऐकलं, पुन्हा फिरवली. तानपुरा सुरातच होता. मग विचारलं, "कुणी गायला लावलं?"

"भजन होतं, बाई."

त्यांनी तानपुऱ्याला गवसणी घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. कोवळ्या गळ्यावर सूज, तिच्यावर गाठ. गाठ गेली. वर्षभरानं आवाज आला तो खाली, काळी एकला, तिथवर रीतसर. पण मधल्या सुरांच्या वर गेलो की भुसभुशीत मातीसारखा ढासळायचा. तो वरचा सा आजतागायत लागलेला नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला माझ्या जागी दुसरा मुलगा बसला. तो आज पुण्यात मोठ्या बैठकी गाजवतो, आणि गातो खरंच सुरेख, जळायला सोयच नाही. बाईंनी मला पेटीवर बसवलं. "हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या. ती समजूत होती हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही.

आता मी त्याच शाळेत पेटी शिकवतो. बाई निवृत्त झाल्या, शिऱ्याची प्रथा मी चालवतो. बक्षिसांच्या कपाटात सातवीतला माझा फोटो आहे, हातात करंडक, दात पुढं. नवीन पोरं विचारतात, सर, हा कोण? मी म्हणतो, होता एक, लय शहाणा होता. आणि गावाकडं गेलं की अजून कुणी ना कुणी पाठीवर थाप मारतो, "ह्यानं गाव राखलं बरं का." ती थाप मला इंगळी चावल्यासारखी लागते. आप्पा शेजारी उभे असतात, जमिनीकडं बघतात आणि दुसरा विषय काढतात. इतक्या वर्षांत त्या संध्याकाळबद्दल ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. सणावाराला जायचं, गुलछडीचा भाव विचारायचा, जेवायचं, यायचं.

यंदा मामाचे हात कापायला लागले म्हणून यात्रेत पेटीवर मला बसवलं. समोर तेच गाव, म्हाताऱ्याच्या जागी त्याचा मुलगा. मी सवयीनं काळी पाचवर बोट ठेवलं. आप्पांनी माझा हात धरला आणि पेटीवरून उचलला.

"तुझी पट्टी कंची?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "काळी एक."

"तीच घे. आन् तूच म्हण."

माईक चालू होता. दोन्ही गावांनी ऐकलं. पलीकडून हसू आलं, आमच्यातला एकजण म्हणाला, "आप्पा, आवो पट्टी उतरतीय." आप्पा म्हणाले, "उतरू दे."

हे दोन शब्द मला तेराव्या वर्षी हवे होते. आता माझ्या मुलीचं वय तेवढं झालंय. घेऊन काय करू? राग इतका आला की बोटं जड झाली. तरी गायलो. जो आहे तो आवाज, मधल्या सुरापर्यंत नीट, वर जायची वेळ आली की वळून खाली. वर्षानुवर्षं काळी पाचची सवय, आमच्या मंडळाला त्या पट्टीत साथ करता येईना, खाली त्यांचा आवाज बसेना आणि वर चढेना. आप्पांनी तोंड उघडून बघितलं, सूर सापडला नाही, मग मान खाली घालून नुसते टाळ वाजवत राहिले. मी एकटाच म्हणत होतो. आम्ही हरलो.

सकाळी मी निघालो तर आप्पा पिशवी घेऊन दारात उभे. "येतो तुझ्यासंगं. साळा बघून येतो." माझा गळा गेला त्या वर्षानंतर त्यांनी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आठवी-नववीच्या पोरांचे आवाज एकापाठोपाठ फुटत असतात, त्यामुळं महिन्यातून एखादा शिरा ठरलेला. त्या दिवशीही होता. मावशींनी आप्पांपुढं वाटी ठेवली. आप्पांनी घास घेतला, आणि थांबले.

"आज काय हाय?"

"एका पोराचा आवाज फुटलाय, आप्पा. फुटला की शिरा करतात. मग वर्षभर त्याला गाऊ देत नाहीत."

आप्पांनी समोर बघितलं. ते पोर मान खाली घालून खात होतं, मुली त्याला 'अहो, वाढू का' विचारत होत्या.

"तवा बाईंनी डब्यात दिल्ता," ते म्हणाले, "त्यो ह्योच का?"

"हाच."

"आन् म्या खाल्ला." त्यांनी वाटीत बोट तसंच ठेवलं होतं. "एसटीत बसून खाल्ला की रं सगळा."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

"तवाच हारलो असतो," आप्पा म्हणाले, "तर काय गेलं असतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ कितीतरी वर्षं तयार होतं. किती वेळा एकट्यानं, पेटी पुसताना, त्यांना ऐकवलं होतं. त्यांच्या हनुवटीला शिऱ्याचा कण लागला होता.

"खा आप्पा," मी म्हटलं. "गार होतोय."