अण्णांचे कॉलीवॉबल्स

काय सांगायचं आता! असा अकलेचा कारभार मी केलाय की ऐकून तुम्ही हातातला चहा खाली ठेवाल.

आई गेली, आणि त्यानंतर अण्णा महिनाभर आमच्याकडे जर्मनीत, लुडविग्सहाफेनला आले. अण्णा म्हणजे माझे वडील, साताऱ्याचे निवृत्त इंग्रजीचे मास्तर. कुणाच्या पोटात भीतीने गोळा आला की ते म्हणणार, "कॉलीवॉबल्स!" हा जुनापुराणा शब्द आता साहेबालाही आठवत नसेल, पण माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी तो आमच्या घरात हजर असायचा.

तर परतीला आठवडा उरला आणि अण्णांनी ताट बाजूला सारलं. "नको रे. जरा कॉलीवॉबल्स होतायत."

झालं! मी पडलो कारखान्यातला सेफ्टी इंजिनियर. म्हातारा माणूस, एकट्याचा प्रवास, म्हणजे भीती कसली? विमानाची! गेनाऊ, अगदी बरोब्बर! लागलो कामाला.

व्हीलचेअर बुक केली. जेवणाच्या खुर्च्या हॉलमध्ये रांगेत मांडल्या. बायकोच्या ओढणीचा सीटबेल्ट!

"बसा अण्णा. आता टेक-ऑफ!"

"अरे, येताना मी एकटाच आलो होतो ना?"

"जाताना वेगळं असतं, अण्णा."

"ते मात्र खरं," म्हणाले आणि निमूटपणे ओढणी बांधून बसले.

तीन दिवस हा तमाशा! माझी सात वर्षांची रेवा हवाईसुंदरी होऊन शेंगदाणे वाटत होती. अण्णा रोज जास्त गप्प होत गेले, आणि मी खूश, की सराव लागू पडतोय!

विमानतळावर अण्णा माझा हात सोडेनात. मी काय म्हणावं? "काळजी नको, खिडकीची सीट आहे!"

परतताना गाडीत रेवा मुसमुसत होती. म्हटलं, "रडू नको गं, आजोबांची विमानाची भीती गेली आता."

तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. "नाइन, पापा!" म्हणजे साफ नाही. आजोबा विमानाला कधीच घाबरले नव्हते. आजी नसलेल्या घराचं कुलूप उघडायची त्यांना भीती वाटत होती.

अहो, व्हिसा तीन महिन्यांचा होता! तिकीट पुढे ढकलायला मला दोन मिनिटं लागली नसती.

"तुला कोणी सांगितलं?"

"आजोबांनीच."

"मग मला का नाही बोललीस, रेवा?"

"ते म्हणाले, पापाला सांगू नकोस. इतकं मनापासून करतोय, बिचाऱ्याचा हिरमोड होईल."